चार शब्दांचं उत्तर आणि ‘म्युच्युअल’चा अर्थ

वाचकाचं पत्र:

‘आमच्या विभागप्रमुख बाई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. निरोपाच्या दिवशी गर्दीत बोलायला जमलं नाही, म्हणून रात्री बसून त्यांना मेल लिहिली. बाई सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतच करायच्या, म्हणून मीही इंग्रजीत लिहिली. चांगली तीन परिच्छेद. काय काय शिकले, किती आदर वाटतो, सगळं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “द फीलिंग इज म्युच्युअल.” खाली नाव. संपलं. नवरा म्हणाला, हे तर लोक भांडणात एकमेकांना सुनावतात. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. त्यात एका सहकाऱ्याने माझी मेल वाचून दोन चुका काढल्या. मी एके ठिकाणी “म्युच्युअल को-ऑपरेशन विथ ईच अदर” लिहिलं होतं आणि आम्हा दोघींच्या ओळखीच्या एका मित्राला “अवर म्युच्युअल फ्रेंड” म्हटलं होतं. त्याच्या मते दोन्ही चूक. या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो “रेसिप्रोकल”हून वेगळा कसा, आणि बाईंना आता काय लिहू? “आय रेसिप्रोकेट” चालेल का? – निरुत्तर’

प्रिय निरुत्तर,

‘आय रेसिप्रोकेट’ लिहू नका. कारण पुढे येईलच, पण सगळं वाचून होण्याआधीच तुम्ही मेल पाठवून मोकळ्या व्हाल अशी भीती वाटली, म्हणून हे आधी.

तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. भांडणात हे वाक्य चालतं. एकाने म्हणावं, ‘मला तुझं तोंडही बघायचं नाही,’ आणि दुसऱ्याने शांतपणे म्हणावं, ‘द फीलिंग इज म्युच्युअल.’ मलाही तुझं बघायचं नाही. पण हेच वाक्य ‘तुमच्याबरोबर काम करताना आनंद झाला’ याच्या उत्तरातही येतं, ‘मला तुझी आठवण येते’ याच्याही उत्तरात येतं. या वाक्याला स्वतःची चव नाही. ‘फीलिंग’ म्हणजे कुठलं फीलिंग, हे ते कधीच सांगत नाही. ते आधीच्या बोलण्यातून उचलायचं असतं. म्हणून बाईंचं वाक्य प्रेमळ की खोचक, हे त्या चार शब्दांत शोधून सापडणार नाही. ते तुमच्या तीन परिच्छेदांत आहे. तुम्ही आदर लिहिलात, तर उत्तर आदराचं झालं. तुम्ही खरडपट्टी काढली असतीत, तर तेच उत्तर खरडपट्टीचं झालं असतं.

कोरडेपणा आहे का त्यात? थोडा आहे, नाही कशाला म्हणू. इतका वापरून गुळगुळीत झालेला वाक्प्रयोग आहे की लिहिताना माणसाला फार विचार करावा लागत नाही. पण अकरा वर्षांत या बाईंनी तुम्हाला दोन ओळींपेक्षा मोठी मेल कितीदा लिहिली? मला कळवू नका, तुमच्यापुरतं आठवा.

आता शब्दाकडे. ‘म्युच्युअल’ हे विशेषण दोन टोकं असल्याशिवाय उभंच राहत नाही. अ ला ब बद्दल जे वाटतं तेच ब ला अ बद्दल वाटतं, किंवा अ जे ब साठी करतो तेच ब अ साठी करतो, अशी जोडी हवी. मराठीत ‘एकमेकांचा’, ‘परस्पर’, ‘उभयपक्षी’, ‘दोन्हीकडून’, वाक्य पाहून यांतलं काही घ्यावं. ‘म्युच्युअल रिस्पेक्ट’ म्हणजे एकमेकांबद्दलचा आदर. ‘म्युच्युअल कन्सेन्ट’ म्हणजे दोघांची संमती. याउलट ‘हिज म्युच्युअल लव्ह फॉर हर’ हे वाक्य उभंच राहत नाही. प्रेम त्याचं एकट्याचं असेल तर ते ‘म्युच्युअल’ नाही, आणि दोघांचं असेल तर ते ‘हिज’ नाही. जाता जाता: ‘आमचं म्युच्युअल अंडरस्टँडिंग आहे’ हे वाक्य मी आजवर बहुतेक वेळा एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं आहे. दुसरं माणूस तेव्हा शेजारच्या खोलीत असतं.

या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. लॅटिनमधला ‘मूतुउस’, म्हणजे उसना घेतलेला, अदलाबदलीचा. रोमन कायद्यात ‘मूतुउम’ नावाचा एक करारच होता. कुणी धान्य, तेल किंवा नाणी नेली, तर परत करताना तीच धान्याची रास किंवा तीच नाणी आणायची नसत. त्याच जातीचं, तेवढंच आणून द्यायचं. घोडा वापरायला नेला तर गोष्ट वेगळी. तोच घोडा परत यायला हवा, त्यासाठी करारही वेगळा होता. धान्य खाऊन संपतं, घोडा संपत नाही. आपल्याकडे या दोन व्यवहारांची कायद्यातली नावं कुणाला ठाऊक नसतील, पण ‘उसनं नेलं’ आणि ‘वापरायला नेलं’ यांतला फरक पोरांनाही कळतो. तर ‘म्युच्युअल’ हा मुळात उसनवारीचा शब्द.

गंमत अशी की आजच्या इंग्रजीत ‘म्युच्युअल’मधून उसनवारी पार निघून गेली आहे. आधी कुणी दिलं, नंतर कुणी फेडलं, हा क्रम त्यात उरलेला नाही. तो क्रम ‘रेसिप्रोकल’कडे गेला.

‘रेसिप्रोकल’ही लॅटिनच. ‘रे’ म्हणजे मागे, ‘प्रो’ म्हणजे पुढे. गेलं त्याच वाटेने परत येणारं. भरती-ओहोटीच्या पाण्यासाठी तो वापरत. इंजिनातला दट्ट्या मागेपुढे होतो त्या इंजिनाला आजही ‘रेसिप्रोकेटिंग’ म्हणतात. शाळेत तुम्ही ‘गुणाकार व्यस्त’ शिकलात, तोही इंग्रजीत ‘रेसिप्रोकल’च: ५ चा १/५, दोघांचा गुणाकार १. शून्याला मात्र गुणाकार व्यस्त नसतो. त्याला कशानेही गुणा, एक काही येत नाही. यावरून नातेसंबंधांवर एखादं सुभाषित करायचा मोह होतोय, तो आवरते.

फरक डोळ्यांसमोर आणायचा असेल तर प्राण्यांकडे बघा. मधमाशी फुलावर बसते. तिला मकरंद मिळतो, फुलाचे पराग दुसऱ्या फुलाकडे जातात. एकाच फेरीत दोघांचं काम होतं, कुणी कुणाचं देणं लागत नाही. अशा सहजीवनाला जीवशास्त्रात ‘म्युच्युअलिझम’ म्हणतात. बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी १८७० च्या दशकात तो शब्द रूढ केला. आता रक्त पिणारी वटवाघळं घ्या. त्यांना सलग दोन-तीन रात्री काही मिळालं नाही तर ती मरतात. ज्याचं पोट भरलं आहे ते वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त उलटून पाजतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली हे मांडलं. आज मी तुला पाजलं, उद्या मी उपाशी राहिले तर तू मला पाजशील. इथे पाळी आहे, मध्ये वेळ गेलेला आहे, आणि दिलेलं कुठेतरी लक्षात राहिलेलं आहे. हे ‘रेसिप्रोकल’. दोन्ही शब्दांची शब्दकोशातली व्याख्या जवळजवळ सारखीच निघते आणि बऱ्याच वाक्यांत एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी बिघडत नाही. पण जिथे बिघडतं तिथे फरक हाच असतो: ‘म्युच्युअल’ म्हणजे दोघांत मिळून असलेलं, ‘रेसिप्रोकल’ म्हणजे एकाकडून निघून दुसऱ्याकडून परत आलेलं.

यातूनच व्याकरणाच्याही गोष्टी उलगडतात. ‘रेसिप्रोकल’ एकाच बाजूला लावता येतो: त्यांनी बोलावलं, मग आपण उलट बोलावलं, ते आपलं बोलावणं ‘रेसिप्रोकल’. ‘म्युच्युअल’ असा एकाच बाजूला लावता येत नाही. परतफेड करणं ही कृती असल्यामुळे ‘रेसिप्रोकेट’ हे रोजच्या वापरातलं क्रियापद आहे. ‘म्युच्युअल’चं तसं क्रियापद नाही, कारण ती कृती नाही, स्थिती आहे.

आणि म्हणूनच तुम्ही बाईंना ‘आय रेसिप्रोकेट’ लिहायचं नाही. रेसिप्रोकेट करतो तो दुसरा. ज्याला आधी काही मिळालं, तो. इथे पहिलं पाऊल तुम्ही टाकलंत. बाईंना ते लिहायचा हक्क होता. त्यांनी तो वापरला नाही, आणि मला विचाराल तर हे लक्षात घेण्याजोगं आहे. ‘आय रेसिप्रोकेट युवर सेंटिमेंट्स’ असं एक वाक्य त्यांना सहज लिहिता आलं असतं. कचेरीतल्या पत्रांत ते चालतं. त्याचा सूर असा असता: तुम्ही आदर पाठवलात, पोचला, हा उलट टपाली आमचा. ‘म्युच्युअल’ लिहिलं की सूर बदलतो. तुम्ही सांगण्याआधीही ते दोन्हीकडे होतंच. बाईंनी एवढा विचार करून शब्द निवडला असेल असा माझा दावा नाही. पण शब्द हाच आला.

तुमची खरी तक्रार वेगळीच आहे, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. तुम्ही तीन परिच्छेद दिलेत, एक ओळ परत आली, आणि हिशोब लागेना. हा हिशोब ‘रेसिप्रोकल’चा आहे, वटवाघळांचा. मी तो क्षुद्र म्हणत नाही. आपण सगळेच तो करतो. फक्त बाईंचं वाक्य त्या वहीत मांडता येत नाही.

आता सहकाऱ्याने काढलेल्या चुका. पहिली खरोखरच चूक आहे. ‘को-ऑपरेशन’मधल्या ‘को’चाच अर्थ ‘बरोबर, मिळून’. त्याला ‘म्युच्युअल’ लावलं, वर ‘विथ ईच अदर’ही लावलं, म्हणजे ‘आपापसात एकमेकांशी परस्पर सहकार्य’ झालं. नुसतं ‘अवर को-ऑपरेशन’ पुरे. ‘म्युच्युअल एक्स्चेंज’चंही तेच, देवाणघेवाण दोघांशिवाय होतच नाही. ‘म्युच्युअल अॅग्रीमेंट’ही काटेकोर पाहिलं तर तसंच, पण ते वकिलांच्या आणि साध्या बोलण्यातही इतकं मुरलंय की आता त्याला हात लावू नये. ‘म्युच्युअल कन्सेन्ट’मध्ये मात्र शब्द वाया गेलेला नाही. संमती एकाचीही असू शकते, म्हणून ती दोघांची आहे हे सांगावं लागतं.

दुसऱ्या चुकीबाबत तुमचा सहकारी शंभर वर्षं उशिरा आला आहे. आक्षेप असा असायचा: बाई आणि तुम्ही, दोघींचा एक मित्र, यात ‘एकमेकींचा’ असं काही नाही. तो तिसरा माणूस आहे, सामाईक आहे, तर त्याला ‘कॉमन फ्रेंड’ म्हणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाउलर यांच्यासारखे इंग्रजीच्या शुद्धतेचे राखणदार हा प्रयोग चूक ठरवत होते. तर्क निर्दोष होता, फक्त लोकांनी ऐकला नाही. त्याआधीच, १८६४-६५ साली, डिकन्सची ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ ही कादंबरी भागाभागाने येऊन हा शब्दप्रयोग घरोघरी पोचलेला होता. शिवाय ‘कॉमन’ची इंग्रजीत एक अडचण आहे: त्याचा एक अर्थ ‘सामान्य, हलक्या दर्जाचा’ असाही होतो. आपल्या मित्राला कोण तसं म्हणेल? मराठी बोलताना आपण बिनधास्त ‘कॉमन फ्रेंड’ म्हणतो, कारण ‘कॉमन’चा तो वास आपल्याकडे आलाच नाही. इंग्रजीत लिहिताना ‘म्युच्युअल फ्रेंड’ खुशाल लिहा. शत्रू मात्र ‘कॉमन एनिमी’च. मित्र आणि शत्रू यांना वेगवेगळी विशेषणं का, हे भाषेला विचारू नये.

मुलांना विचाराल तर त्यांच्याकडे तिसराच वापर मिळेल. फेसबुकवर ‘म्युच्युअल फ्रेंड्स’ दिसतात ते सामाईक मित्र, म्हणजे फाउलरना न पटणारा अर्थ. पण इन्स्टाग्रामवर पोरं नुसतं ‘आम्ही म्युच्युअल्स आहोत’ म्हणतात: मी तिला फॉलो करते, ती मला करते. व्याकरणाच्या मास्तरांना विशेषणाचं असं नाम झालेलं खटकेल, अर्थ मात्र चोख मूळचा आहे. अ कडून ब कडे आणि ब कडून अ कडे. शंभर वर्षं पंडितांनी सांगून जे झालं नाही ते सोळा वर्षांच्या मुलांनी सहज केलं.

‘म्युच्युअल फंडात कसलं आलंय एकमेकांचं,’ असं कुणी विचारलं तर: तो शब्द सामाईक मालकीच्या अंगाने आला. विमेदारच ज्या संस्थेचे मालक, त्या संस्थेला पूर्वीपासून ‘म्युच्युअल’ म्हणत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ साली फिलाडेल्फियात आगीच्या विम्याची अशी एक संस्था उभी करायला हातभार लावला. गुंतवणूकदारांनी पैसे एकत्र करायचे आणि नफानुकसान वाटून घ्यायचं, असा आजच्या पद्धतीचा खुला फंड अमेरिकेत १९२४ साली निघाला.

मराठीत आणताना मात्र सांभाळा, कारण आपला ‘परस्पर’ दुतोंडी आहे. एक तोंड पसायदानातलं, भूतमात्रांचं ‘परस्परें’ मैत्र मागणारं. दुसरं रोजच्या बोलण्यातलं: ‘त्याने परस्पर जमीन विकली,’ ‘तिने परस्पर ठरवून टाकलं.’ म्हणजे समोरच्याला न विचारता, त्याच्या माघारी. ‘म्युच्युअल’च्या बरोबर उलट! मी भाषांतराची कामं घ्यायचे त्या काळी एका करारात ‘दोन्ही पक्षांच्या म्युच्युअल संमतीने करार संपवता येईल’ अशा आशयाचं कलम होतं. मी शब्द वाचवायला गेले आणि लिहिलं, ‘करार परस्पर रद्द करता येईल.’ दोन दिवसांनी फोन. समोरचा माणूस हसतही नव्हता, ओरडतही नव्हता, फक्त ते वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मला घाम फुटला. त्यानंतर मी ‘परस्परांच्या संमतीने’ किंवा ‘दोघांच्या संमतीने’ असंच लिहिते, जागा कितीही कमी असो.

‘रेसिप्रोकल’बाबतही तेच. अमेरिकेने २ एप्रिल २०२५ रोजी बऱ्याच देशांच्या मालावर ‘रेसिप्रोकल’ शुल्क जाहीर केलं, तेव्हा मराठीत कुणी ‘परस्पर शुल्क’ लिहिलं, कुणी ‘जशास तसे शुल्क’. शब्दाप्रमाणे ते समोरच्याच्या शुल्काइतकं असायला हवं होतं. आकडे मात्र व्यापारी तुटीला आयातीने भागून, मग निम्मे करून काढलेले होते. म्हणजे ‘जशास तसे’ हे भाषांतर नेटकं असूनही खोटं ठरलं, आणि ‘परस्पर’ हे ढिसाळ भाषांतर आपल्या दुसऱ्या अर्थाने खरं.

उच्चाराचं विचारलं नाहीत, पण सांगून टाकते. ‘म्यूचुअल’मध्ये जोर पहिल्या ‘म्यू’वर. ‘रेसिप्रोकल’ आपण लिहितो तसं, पण इंग्रज ‘रिसिप्रकल’ म्हणतो, जोर ‘सि’वर, ‘रेसिप्रॉसिटी’त तो सरकून ‘प्रॉ’वर जातो. मराठी बोलताना आपला उच्चार करा, कुणी काही म्हणत नाही.

राहिलं बाईंना काय लिहायचं ते. ‘द फीलिंग इज म्युच्युअल’ला ‘सेम हिअर’ म्हणता येत नाही, कारण ते दोघींचं आहे हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय. पुन्हा म्हणालात तर दोघी दारात उभ्या राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत बसाल. आभार झाले, आदर झाला, तो विषय आता बंद. त्या मेलमध्ये तुम्ही ज्या मित्राचा उल्लेख केलात त्याची काही खबरबात असेल ती लिहा. तो कसा आहे, काय करतोय, बाईंबद्दल काही विचारत होता का. मराठीत लिहा, निवृत्त माणसाला कचेरीच्या भाषेतून सुट्टी मिळायला हवी. दोन ओळी पुरेत, उत्तर पुन्हा एका ओळीचं आलं तरी हिशोब लागेल.

आणि सवड झाली की यजमानांना विचारा, हे वाक्य त्यांनी नेमकं कुणाच्या भांडणात ऐकलं.